पुळणीवरची हाक

पुळण ओलांडताना ज्याने कधीच ती हाक घातली नव्हती असा आमच्या बेटावर इतकी वर्षं मी एकटाच होतो. बाकी सगळे घालतात. ओहोटीला समुद्र मागे सरला की बेट आणि पलीकडचा किनारा यांच्यामध्ये मैलभर वाळू उघडी पडते. मधोमध छातीएवढा एक काळा दगड आहे. तिथे पोचलं की चालता चालता, मागे वळून न बघता म्हणायचं, "येतेस का गं? चल, अजून वेळ आहे." आणि पुढे निघायचं. पोस्टमन म्हणतो, पाद्री म्हणतो, मेंढ्या घेऊन बाजाराला निघालेला पॅच हेरॅटी म्हणतो. आणि हा पॅच म्हणजे असा इसम, की ज्याने सख्ख्या बायकोलाही कधी प्रेमाने "चल" म्हटलं नाही.

"फार जुनी रीत आहे हो ही," असं ते पाहुण्यांना सांगतात. जुनी म्हणे! ही रीत आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जन्मली, लोण्याची बशी आणि दिवा यांच्या मध्ये. ती जन्मली तेव्हा मी शेजारी बसून पायमोजे वाळवत होतो. ती रचली माझ्या बायकोने, डीलिया मॅनियनने. आयर्लंडात आणि पलीकडे इंग्लंडात भुताच्या गोष्टी लिहिणारे पैशाला पासरी आहेत, पण तिच्या तोडीचं मी कुणी वाचलं नाही. मी नवरा आहे म्हणून असं म्हणतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने खुशाल वाटून घ्यावं.

माझं नाव फेस्टी. धंदा समुद्रातली शेवंडं पकडायचा, शिवाय थोड्या मेंढ्या. डीलिया पलीकडच्या गावातल्या दुकानदाराची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिची एक पेटी मी खांद्यावरून पुळण ओलांडून आणली होती. एवढी जड पेटी, म्हणजे आत चादरी-बिदरी, चांदीचे चमचे असणार, असे मनात मांडे खात आलो. उघडली तर आत लंडनच्या मासिकांचे जुने नाताळअंक.

"हे काय गं?"

"माझं माहेर," ती म्हणाली.

इंग्रज माणसाला नाताळात भूत लागतं. जेवण झालं, शेकोटी पेटली, की कुणीतरी कुणालातरी घाबरवायलाच हवं. आम्हाला भूत बारा महिने लागतं, पण आम्ही त्याचे पैसे देत नाही आणि इंग्रज देतात, एवढाच काय तो फरक. डीलियाने हा फरक बरोबर हेरला होता. पण नाताळअंकाचा मजकूर लंडनला जुलैत पोचावा लागतो. त्यामुळे अख्खं बेट गवत वाळवायला रानात, आणि माझी बायको दार लावून, घामाघूम होऊन, बर्फात वाट चुकलेल्या पाद्र्याबद्दल लिहितेय, असं दर वर्षी चालायचं. शेजारपाजारच्या बायका मला विचारायच्या, "फेस्टी, तुझी राणी आज कुणाला मारतेय रे?"

तिचे तिचे नियम होते. "इंग्रजाचं भूत घरकोंबडं," ती म्हणायची. "त्याला जिना लागतो, बंद खोली लागते, निदान एखादं जुनं चर्च तरी. आपलं भूत पायी चालणारं. त्याला रस्ता लागतो." आणि दुसरा नियम, भूत दाखवायचं नाही. ते ज्या खुर्चीवरून आत्ताच उठून गेलं, ती खुर्ची दाखवायची. गोष्ट पुरी झाली की ती मला वाचून दाखवायची. ऐकता ऐकता माझा पाइप विझला आणि मला पत्ता लागला नाही, तर गोष्ट लंडनला. पाइप चालू राहिला, तर गोष्ट चुलीत. मी कधी मुद्दाम पाइप विझू दिला नाही. तिला ते लगेच कळलं असतं, आणि मग मीच चुलीत गेलो असतो.

छापून यायचं ते 'डी. मॅनियन' या नावाने. बाईचं नाव दिलं की संपादक प्रेमकथा मागतात, हे ती आधीच शिकली होती. उत्तरं यायची ती 'महाशय' म्हणून. एकाने तर लिहिलं होतं, की आपल्या लेखनातला पुरुषी संयम आम्हाला फार भावतो. ती हसून हसून लोळली. माझं डोकं मात्र फिरलं होतं. लंडनला जाऊन त्या गृहस्थाला माझी बायको दाखवावी, असं मला फार वाटायचं.

आता ती गोष्ट. आम्ही पलीकडच्या बाजारातून परत येत होतो. पाऊस, समोरून वारा, आणि भरती लागायला आलेली. मी नेहमीसारखा पुढे. चालायचं तर माझ्या पायाला चाकं, आणि डीलिया मागे, पाठीवर पिठाची पिशवी. काळ्या दगडापाशी मी हाक मारली, "येतेस का गं? चल, अजून वेळ आहे!" मागे वळलो नाही, कारण वळलो असतो तर पाऊस कॉलरीत शिरला असता. मागून उत्तर नाही. मी पुढे चालत राहिलो.

घरी आल्यावर मी चुलीपाशी पायमोजे वाळवत बसलो. ती ओल्या शालीसकट टेबलाशी बसून लिहायलाच लागली.

"अगं, आधी कपडे तरी बदल."

"तू मागे पाहिलंस का रे?"

"कधी?"

"दगडापाशी. मी तिथे होते की नाही, हे तुला कसं कळलं?"

"तू असतेसच की," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली, आणि लिहीत राहिली.

तिच्या गोष्टीतली बाई अशीच पिठाची पिशवी घेऊन नवऱ्याच्या मागून चालत असते. नवरा हाक न मारता, मागे न बघता पुढे जातो. बेटावर पोचून वळतो, तर मागे नुसतं पाणी. तेव्हापासून ती बाई पुळण ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या मागून चालते. काही करत नाही. फक्त ओल्या लोकरीचा वास येतो आणि मान गार पडते. तिला हवी असते ती फक्त एक हाक. दगडापाशी ती हाक घातली की ती बरोबर येते, न घातली की तिथेच थांबते. गोष्ट वाचून झाली तेव्हा माझा पाइप केव्हाचा विझला होता. पुढे असं तिने मला कधीच म्हटलं नाही, की तो नवरा तू आहेस म्हणून. पण "जरा हळू चालत जा रे" असं मात्र आयुष्यभर म्हणत राहिली.

पुढे ती गोष्ट एका छोट्या पुस्तकात आली. बेटावर कुणी पुस्तक वाचलं असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण विनी लॅव्हेलच्या गुत्त्यात गल्ल्याखाली एक प्रत होती, आणि एकदा मी पाहिली तेव्हा तिची पानं लोणी लागून पारदर्शक झाली होती. मग पोरं दगडापाशी खेळ म्हणून हाक घालू लागली. मग पोरांच्या आया, कारण कुठलीही आई पोराच्या बाबतीत धोका पत्करत नाही. मग पॅच. आणि मग एक दिवस पॅच आमच्याच दारात, आमच्याच बाकावर बसून, डीलियालाच सांगायला लागला, की माझ्या आजोबांच्या काळी ही बाई फार त्रास द्यायची.

तो गेल्यावर डीलियाने दार लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे नुसते चमकत होते. "फेस्टी, माझं भूत पळून गेलं रे! गेलं ते स्वतःच्या पायांनी चालत!"

"परत आण त्याला," मी म्हणालो. "सांग त्या म्हाताऱ्याला, की त्याच्या आजोबाने मेंढीशिवाय काही पाहिलं नव्हतं."

"वेडा आहेस का तू?" ती म्हणाली.

वर्षं गेली. मासिकं एकामागून एक बंद पडली. जुने अंक मासे बांधायला गेले. एकदा मीच आणलेल्या बांगडा माशांवरून डीलियाने स्वतःचं अर्धं पान सोडवून घेतलं होतं. डॉक्टरने तिच्या हृदयाचं काहीतरी सांगितलं, जिने चढू नका म्हणाला. बेटावर कुणाकडेही जिना नाही, तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून ती जरा घाईत असायची.

अशात डब्लिनच्या एका साहित्य मंडळाने भुताच्या गोष्टींच्या पुस्तकाला बक्षीस जाहीर केलं. तिने तिच्या निवडक गोष्टी पाठवल्या, पहिल्यांदाच पूर्ण नावाने. आणि बक्षीस तिलाच मिळणार अशी बातमी आली. लंडनच्या प्रकाशकाने कळवलं, की बक्षीस पदरात पडलं की तुमच्या सगळ्या गोष्टींचा एक जाड ग्रंथ काढू. पाठीवर सोनेरी अक्षरांत डीलिया मॅनियन. 'डी.' नाही, 'महाशय' नाही. माझ्या बायकोने सगळ्या आयुष्यात माझ्याकडे, देवाकडे, कुणाकडेच काही मागितलं नव्हतं. हे मात्र तिला हवं होतं. तिने शेल्फवरची चहाची डबी हलवून तिथे जागासुद्धा केली होती.

आणि मग एका विद्वानाने वर्तमानपत्रात लिहिलं, की यातली पुळणीची गोष्ट बाईंची नव्हेच. ती त्या किनाऱ्यावरची जुनी लोककथा आहे, मी स्वतः तिथल्या एका गाडीवानाच्या तोंडून ऐकली आहे. बक्षिसाची अट तर अशी, की गोष्टी लेखकाच्या स्वतःच्या कल्पनेतल्याच हव्यात. मंडळाने ठरवलं, की हॅनली नावाचे एक गृहस्थ बेटावर पाठवायचे. आयुष्यभर लोककथा गोळा करत हिंडलेला माणूस. रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर शाळेच्या खोलीत लोकांना विचारून ते काय ते ठरवणार.

मी निश्चिंत होतो. बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे की गोष्ट कुणाची, असं मी धरून चाललो. तिथेच फसलो. त्या आठवड्यात डीलिया खोकल्याने अंथरुणाला खिळलेली, मी पहाटेपासून शेवंडांच्या पिंजऱ्यांमागे. पोस्टमनने विनीला सांगितलं, की डब्लिनहून एक साहेब डीलियाची गोष्ट तपासायला येतोय. विनीने पॅचला सांगितलं, की डीलियाचं भूत खोटं आहे असं म्हणणारा कुणी साहेब येतोय. गोष्ट कुणाची, हा प्रश्नच आमच्या लोकांना समजत नाही. गोष्ट खरी की खोटी, एवढंच त्यांना समजतं. बाहेरचा माणूस येऊन आपल्या डीलियाला खोटी पाडणार म्हटल्यावर सगळं बेट पेटून उठलं. आणि आमच्या घरात मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. तिला खूश करायचं होतं ना!

हॅनली आले ते बूट भिजवून. बारीक, मऊ आवाजाचे, कुणालाही आवडावेत असे गृहस्थ. शाळेची खोली गच्च भरली होती. रविवारचे कोट, रविवारच्या टोप्या. मी आणि डीलिया मागच्या बाकावर, ती शालीत गुंडाळलेली.

पॅच पहिला उठला. "साहेब, माझ्या आजोबांनी तिला या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे मागे बघायचं नसतं ना, त्यामुळे पाहिलं नाही. पण वास आला. ओल्या लोकरीचा. आणि मान अशी गार झाली, की जसं कुणी हात ठेवायचं ठरवलं आणि मग ठेवला नाही."

मी डीलियाकडे पाहिलं. हे वाक्य पुस्तकातलं होतं, शब्दाला शब्द. ते जमायला तिला अख्खा आठवडा लागला होता. मी साक्षीदार आहे, कारण त्या आठवड्यात मला उकडलेल्या बटाट्यांशिवाय काही मिळालं नव्हतं.

"तुमचे आजोबा म्हणजे साधारण किती वर्षांपूर्वी?" हॅनलींनी विचारलं.

"बटाट्याच्या मोठ्या दुष्काळाच्या आधी," पॅच छाती फुगवून म्हणाला.

मग विनी. "आमच्या आईच्या मावशीच्या मागून तर ती थेट उंबऱ्यापर्यंत आली होती हो. मान गार! जसं कुणी हात ठेवायचं ठरवलं आणि मग ठेवला नाही." मग पोस्टमनचा बाप. मग शिंपी. ज्याने आयुष्यात खरं कधी सांगितलं नाही असा होडीवाला, आणि जिने खोटं कधी सांगितलं नाही अशी शाळेची बाई. तीही उठली. सगळ्यांचे आजोबा, सगळ्यांच्या मावश्या, सगळ्यांच्या माना गार. एकेकजण बोलून खाली बसला की मागे वळून डीलियाकडे बघायचा, की बघ, कसं ठणकावलं.

शेवटी फादर टिअर्नी उठले. "चर्चची भूमिका अर्थातच वेगळी आहे," ते म्हणाले. "पण माझ्या आधीचे फादर मला इथला कारभार सोपवून जाताना एवढंच म्हणाले होते, की टोपी विसरलास तरी चालेल, हाक विसरू नकोस." आधीचे फादर पाय भिजतील म्हणून कधी पुळणीवर उतरलेच नव्हते. होडीने यायचे आणि होडीने जायचे.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी गत. ही भली माणसं जीव तोडून माझ्या बायकोचं बक्षीस तिच्या डोळ्यांदेखत बुडवत होती. मी ओरडायला उठलो. डीलियाने माझी बाही धरून मला खाली बसवलं. मला वाटलं ती रडतेय. खांदे हलत होते. पाहिलं तर शालीचं टोक तोंडात कोंबून ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

नंतर हॅनली चहाला आमच्याकडे आले. बूट चुलीपाशी ठेवले आणि पावाचा तुकडा हातात घेऊन, न खाता बसून राहिले.

"बाई, मी तीस वर्षं लोकांच्या गोष्टी ऐकतोय," ते म्हणाले. "दोन सख्ख्या बहिणी एक गोष्ट एकसारखी सांगत नाहीत. एकीची बाई बुडते, दुसरीची जळते. आणि आज इथे दहाएक माणसांनी मला एकच वाक्य ऐकवलं. हात ठेवायचं ठरवलं आणि मग ठेवला नाही. हे वाक्य तोंडातून तोंडात आलेलं नाही. हे कुणीतरी बसून लिहिलेलं आहे. तुम्ही."

मी टेबलावर मूठ आपटली. "हेच! हेच मी तिथे सांगणार होतो!"

"थांब रे," डीलिया म्हणाली. मग त्यांना, "मग तुम्ही काय लिहिणार?"

"जे खरं आहे ते. गोष्ट तुमची. लोकांनी ती तुमच्या पुस्तकातून उचलली आणि आजोबा मनाने रचले. तुम्ही फक्त हो म्हणा, की बक्षीस तुमचं."

"आणि हे छापून येणार?"

"येणार. वर्तमानपत्रातही येईल. वाद तिथेच सुरू झालाय ना."

डीलियाने त्यांच्या कपात चहा ओतला. "साहेब, तुम्ही आज पुळणीवरून आलात. दगडापाशी काय केलंत?"

त्यांचे कान लाल झाले. "गाडीवानाने सांगितलं होतं, की तिथे असं असं म्हणायचं."

"म्हणालात?"

"म्हणालो."

"मनातल्या मनात?"

"नाही. मोठ्याने."

"आणि मागे पाहिलंत?"

हॅनलींनी पाव बशीत ठेवला. "नाही पाहिलं," ते म्हणाले.

तेव्हा डीलिया जी हसली, तशी मी तिला लग्नाच्या दिवशीसुद्धा हसताना पाहिली नव्हती. "मग लिहा," ती म्हणाली. "गोष्ट जुनी आहे. मी इथल्या लोकांकडून ऐकली."

मी काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. हॅनली सज्जन माणूस, बूट घालून बाहेर कोंबड्या बघायला गेला.

"तुझं नाव, डीलिया!" मी म्हणालो. "सोनेरी अक्षरांत! त्या पॅचसाठी? त्याच्या त्या मेंढपाळ आजोबासाठी?"

"फेस्टी, बस. ऐक. उद्या पेपरात आलं, की अख्ख्या बेटाने थापा मारल्या, तर पॅच पुन्हा बाजारात तोंड दाखवेल का? आणि दगडापाशी पुन्हा कुणी हाक घालेल का? लाजेने गप्प राहतील सगळे. ती बाई तिथेच उभी राहील ना रे."

"कुठली बाई? ती बाई तू रचलीस!"

"हो," ती म्हणाली. "मी रचली. लंडन-डब्लिनमधे एवढे लोक लिहितात, मोठमोठे, जाडजाड ग्रंथवाले. त्यांच्यातल्या एकाच्या तरी भुतासाठी कुणी पाद्री रविवारी, मिसा नुकतीच संपलेली असताना, चक्क खोटं बोललाय का? मला नाव दाखव एकाचं."

मला दाखवता आलं नाही. अजूनही दाखवता येत नाही.

बक्षीस बेलफास्टच्या एका माणसाला मिळालं. त्याच्या गोष्टीत म्हणे हवामान सांगणारं झपाटलेलं यंत्र होतं. मी ती वाचली. पाइप शेवटपर्यंत चालू होता. डीलियाचा ग्रंथ निघाला नाही, आणि मी हे गोड करून सांगणार नाही. तिने शेल्फवर चहाची डबी परत ठेवली, आणि त्या दिवशी ती माझ्याशी फार बोलली नाही.

वर कळस म्हणजे, पॅच आनंद साजरा करायला बाटली घेऊन आला. "घातली ना साहेबाला टोपी!" तो म्हणाला. "वाचवलं की नाही तुझं भूत? तुझा हा नवरा नुसता बसून होता बघ, तोंड शिवल्यासारखा." डीलियाने त्याचा ग्लास भरला आणि म्हणाली, "पॅच, तुझ्यासारखा साक्षीदार मला जन्मात मिळाला नसता." मी मूग गिळून बसलो. त्यांना तिने कधीच कळू दिलं नाही, मीही नाही. आता सांगतोय ते बाहेरच्यांना. बेटावर आलात तर कृपा करून गप्प राहा.

त्यानंतर ओहोटी लागली की ती खिडकीत जाऊन बसायची. तिथून दगड दिसतो. चालणारी माणसं तिथे जरा थबकायची, मान ताठ, आणि मग पुढे. तोंड हललेलं एवढ्या लांबून दिसत नाही, पण कळतं. "बघ रे, माझे वाचक," ती म्हणायची. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहायचो. खरं सांगतो, कुठल्याही राजाच्या खिडकीतून एवढं दिसलं नसतं.

ती वसंतात गेली, दुपारी, खुर्चीत, लिहिता लिहिता नव्हे तर वाटाणे सोलता सोलता.

बेटावर हातभर खणलं की खडक लागतो, त्यामुळे आमची दफनभूमी पलीकडच्या किनाऱ्यावर. ओहोटी साधून आम्ही तिला नेलं. शवपेटी खांद्यांवर, सगळं बेट मागे. पॅचला आता चालवत नव्हतं, तो गाडीत. दगडापाशी पेटी थांबली. पुढच्याने हाक घालायची, ही रीत. पण पुढे तर डीलियाच होती. तेव्हा सगळे तसेच उभे राहिले, टोप्या हातात घेऊन, एक अक्षर न बोलता. मग फादरनी खूण केली आणि आम्ही निघालो. समाधीच्या दगडावर तिचं पूर्ण नाव आहे. सोनेरी अक्षरांत. ते मी करून घेतलं.

परत येताना भरती लागायला आली होती आणि पाऊस लागला होता. ज्याचं माणूस गेलं त्याने परतीला सगळ्यांच्या पुढे चालायचं, हीही आमची रीत, आणि ही मात्र खरंच जुनी. मी पुढे. मागे सगळं बेट. दगड आला.

मी ती हाक रीत म्हणून कधीच घातली नव्हती. कारण मला ठाऊक होतं ना, ती कुठून आली. पायमोजे, लोण्याची बशी, दिवा. आणि खरं तर ती हाक माझीच होती, तिने फक्त लिहून घेतली होती. मागे सगळे थांबले. पॅचच्या गाडीचं चाकही थांबलं.

"येतेस का गं?" मी म्हणालो. पूर्वी ओरडायचो तसंच, वाऱ्यावर. "चल. अजून वेळ आहे."

मागून ओल्या लोकरीचा वास आला. आता, माझ्या मागे शंभरएक माणसं भिजलेल्या कोटांत उभी होती, हे मलाही कळतं. पण मी मागे पाहिलं नाही. निघालो. आणि या वेळी पाय जरा हळू टाकले.